सायलेन्सरच्या चहाड्या

पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात पीयूसीवाल्याची, म्हणजे गाड्यांचं प्रदूषण तपासणाऱ्याची, व्हॅन उभी असते, पाहिलीये ना? तो गाडीच्या सायलेन्सरमध्ये एक लांब दांडी खुपसतो आणि कॉम्प्युटरवर आकडे येतात. एखादी गाडी चक्क नापास होते. धूर तर दिसतही नव्हता! मग बिनसलं कुठे?

गंमत म्हणजे या यंत्राला धूर दिसावा लागतच नाही. दांडीने ओढलेल्या वायूंमधून ते अवरक्त किरण सोडतं. (टीव्हीच्या रिमोटमधून निघतात ना, त्याच जातीचे.) कार्बन मोनॉक्साइड त्यातले काही ठरावीक किरण गिळतो, हायड्रोकार्बन, म्हणजे बहुतेक न जळलेलं पेट्रोलच, दुसरेच गिळतं. पलीकडे कोणते किरण किती कमी पोचले, त्यावरून चोर पकडला जातो. बीएस-४ या प्रदूषण-नियमांनुसार बनलेली पेट्रोल कार नुसती उभ्या उभ्या चालू असताना कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या वर जाऊन चालत नाही, आणि हायड्रोकार्बन दहा लाख भागांत २०० च्या वर.

आता हे आकडे छापलेला कागद मेकॅनिककाकांच्या हातात द्या. कार्बन मोनॉक्साइड वाढलाय? म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. एक किलो पेट्रोल नीट जळायला जवळपास १४.७ किलो हवा लागते, म्हणजे सुमारे बारा हजार लिटर! एवढी हवा मिळतेय का, ते सायलेन्सरच्या वाटेवर बसलेला ऑक्सिजन सेन्सर सांगतो. तो बिघडला की कधी कधी खोटंच सांगतो, “हवा फार झाली!” मग गाडीतला बिचारा कॉम्प्युटर आणखी पेट्रोल ओततो.

हायड्रोकार्बन वाढलं असेल, तर काका म्हणतील, “गाडी मिसिंग मारतेय, प्लग काढ.” मिसिंग म्हणजे मधूनच पेट्रोल न पेटणं, आणि ते पेटवतो स्पार्क प्लग. त्याचं टोक बघायला मला फार आवडतं. फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओलं, तेलकट असेल तर इंजिनचं ऑइल आत शिरतंय, आणि हा खर्च मोठा!

दोन्ही आकडे वाढलेत? मग संशय कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महागड्या धातूंचा पातळ थर असलेला हा डबा विषारी वायूंचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करतो. पण दोनेकशे अंशांच्या पुढे तापल्याशिवाय तो कामालाच लागत नाही. शेजारच्या सोसायटीतून थंडगार गाडी तशीच पंपावर आणली, तर तब्येत ठणठणीत असूनही नापास होऊ शकते. तेव्हा बाबांना सांगा, नवा कन्व्हर्टर घेण्याआधी गाडी जरा फिरवून आणा आणि पुन्हा दांडी खुपसायला लावा.