बियाणें राखणारा स्नेही

मंगळवेढ्याकडील आमचे एक जुने स्नेही व या मासिकाचे निष्ठावंत वाचक नुकतेच कैलासवासी झाले, हें कळवितांना आम्हांस अत्यंत दुःख होत आहे. त्यांचा आमचा स्नेह पन्नास वर्षांहून अधिक काळाचा. हयातींत आपलें नांव छापून यावें असें त्यांस कधीं वाटलें नाहीं. त्यांची ती इच्छा आम्ही येथेंही पाळीत आहों. परंतु त्यांचें काम सांगितल्यावांचून राहवत नाहीं, कारण त्यांचें एक जुनें ऋण आमच्यावर आहे.

त्यांचें रान काळें, खोल व कोरडवाहू. भाद्रपद-आश्विनांतील पावसाची ओल जमिनींत धरून तिच्यावर शाळू पिकवावयाचा, ही त्या मुलखाची रीत. मालदांडी हें त्यांचें घरचें वाण. कापणीपूर्वीं आठ दिवस ते पिकांत फिरत व उभ्या ताटांवरचीं कणसें निवडीत. खळ्यावरचें मोठें कणीस पाहून भुलूं नये, असें ते सांगत. बांधाकडेच्या किंवा विरळ उभ्या ताटास ओल व खत अधिक मिळतें, म्हणून त्याचें कणीस मोठें होतें. तो गुण बियाचा नव्हे. यास्तव दाट पिकाच्या मध्यभागीं, शेजारच्या ताटांच्या बरोबरीनें वाढूनही जें सरस ठरेल, न लोळतां उभें राहील व ज्याचा दाणा टपोरा असेल, त्याचेंच कणीस ते घेत. काणीचें कणीस दिसल्यास तें पिशवींत झाकून काढीत व जाळून टाकीत. पेरणीपूर्वीं बियास किलोमागें ४ ग्रॅम ३०० मेश गंधक चोळीत. काणीचे बीजाणु दाण्याच्या अंगास चिकटून येतात, त्यांवर हा उपाय स्वस्त व खात्रीचा आहे.

१९६४ सालीं सी. एस. एच.-१ ही पहिली संकरित ज्वारी प्रसारांत आली. पुढें आम्हीं ती खरिपांत घेतली, उतारा पाहून हरखलों, व कणसें निवडीत बसणाऱ्या आमच्या स्नेह्यांची थट्टा केली. त्यांनीं संकरिताचा द्वेष केला नाहीं. स्वतःही एक तुकडा पेरला. "त्याचें बीं दरसाल विकत आणावें लागतें, घरचें आहे तें कां घालवावें?" एवढेंच ते म्हणाले.

१९७२ च्या दुष्काळांत खरीप गेला व रब्बीही गेली. आम्ही दोघेही खडी फोडण्याच्या कामावर जात होतों व परदेशांतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खात होतों. त्या दिवसांत आम्हीं घरांतलें बियाणें दळून खाल्लें. मुलें भुकेलीं होतीं. परंतु मुलें त्यांच्याही घरीं होतीं, आणि त्यांच्या आढ्याला कणसांच्या जुड्या तशाच टांगलेल्या होत्या. १९७३ सालीं पाऊस झाला, तेव्हां पेरण्यास आमच्याजवळ दाणा नव्हता. आम्ही मागावयास जाण्यापूर्वींच ते एका सकाळीं बियाचें गाडगें घेऊन आमच्या दारीं आले. मागील थट्टेबद्दल त्यांनीं शब्द काढला नाहीं. सुगीनंतर आम्ही सवाईनें परत करूं लागलों, तेव्हां दिलें तेवढेंच त्यांनीं मापून घेतलें.

२०१६ सालीं मंगळवेढ्याच्या ज्वारीस भौगोलिक मानांकन मिळालें, त्याचा त्यांस आनंद झाला. पण त्यानें वाण आपोआप टिकत नाहीं, दरसाल कोणीतरी कणसें निवडलीं पाहिजेत, असें त्यांनीं आम्हांस बजाविलें. गेल्या सुगींत त्यांचे हात थरथरत होते, म्हणून त्यांनीं आम्हांस बरोबर नेलें. आम्हीं दिवसभर खपून जीं कणसें काढलीं, त्यांपैकीं निम्मीं त्यांनीं हंसत बाजूस ठेविलीं. इतक्या वर्षांत आमची नजर तयार झाली नव्हती.

राहिलेलीं कणसें त्यांच्या आढ्याला आहेत. उत्तरा-हस्ताच्या सुमारास तीं पेरावयाचीं. तें काम त्यांच्या चिरंजीवांबरोबर आम्ही करणार आहों. ज्या वाचकांच्या घरीं एखादें जुनें वाण असेल, त्यांनीं येत्या सुगींत कापणीपूर्वीं निदान एक दिवस स्वतः पिकांत फिरावें, अशी आमची विनंति आहे. ईश्वर मृताच्या आत्म्यास शांति देवो.