मालिकेतील देव आणि डाव्होसचा नकार

'गेम ऑफ थ्रोन्स' ही अमेरिकी मालिका २०११ ते २०१९ या काळात ७३ भागांतून प्रसारित झाली. तिच्यातील हिंसा व नग्नता पाहता आम्ही तिची शिफारस करणार नाही. परंतु आपल्या अनेक घरांतील तरुणांनी ती पाहिली आहे आणि तिने उभा केलेला प्रश्न टाळण्याजोगा नाही.

मूळ कादंबऱ्यांचे लेखक जॉर्ज मार्टिन बालपणी कॅथलिक संस्कारांत वाढले, पुढे श्रद्धेपासून दुरावले. त्यांच्या काल्पनिक राज्यात सात रूपांच्या एका देवाची भव्य मंदिरे आहेत. मात्र हा देव मौन राहतो. चमत्कार घडतात ते परदेशातून आलेल्या प्रकाशदेवाच्या नावाने.

हिमवृष्टीत अडकलेला स्टॅनिस राजा पुजारीण मेलिसँड्रेच्या सांगण्यावरून आपली एकुलती एक मुलगी शिरीन हिला जिवंत जाळतो. बर्फ खरोखरच वितळते. पण निम्मे सैन्य पळून जाते, राणी गळफास घेते, राजा हरतो. पुढे हीच पुजारीण मृत जॉन स्नोला उठवते. मरणानंतर काय दिसले? काहीच नाही, असे तो सांगतो.

डाव्होस हा पूर्वाश्रमीचा तस्कर. त्याला अक्षरओळख करून दिली ती शिरीननेच. प्रकाशदेवाचे सामर्थ्य त्याने डोळ्यांनी पाहिले आहे, त्याविषयी त्याला शंका नाही. लहान मुलांना जाळावयास सांगणारा देव दुष्ट आहे, एवढेच तो म्हणतो.

यास नास्तिकता म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. ईश्वराविषयीची चुकीची कल्पना नाकारणारे काही जण शुभवर्तमानातील ईश्वराला नाकारीत नसतात, हे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ सालीच मान्य केले. हिन्नोमच्या खोऱ्यात मुले जाळणाऱ्यांना यिर्मया संदेष्ट्याने सुनावले ते हेच की, ही गोष्ट परमेश्वराच्या मनातही आली नव्हती.

अब्राहामाचा हात देवदूताने रोखला, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात आवर्जून सांगतो. शास्ते ग्रंथाचा अकरावा अध्याय मात्र क्वचितच उघडतो. तेथे इफ्ताह नवसापोटी आपल्या एकुलत्या एक कन्येचा बळी देतो आणि त्याचा हात कोणीही धरीत नाही. पवित्र ग्रंथ त्याचे समर्थन करीत नाही, निषेधही नोंदवीत नाही. इस्राएलच्या मुली दरवर्षी चार दिवस तिच्यासाठी शोक करीत, एवढेच तो सांगतो.