सील बदलण्याआधी ब्रीदर पाहा
मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या डिफरन्शियलवर तेल ओघळलेले दिसले की सरसकट पिनियन सील बदलले जाते. माझ्या मते आधी ब्रीदर, म्हणजे डिफरन्शियलमधली हवा बाहेर सोडणारा मार्ग, तपासावा. गाडी धावताना आतले तेल तापते, हवा प्रसरण पावते. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर त्या हवेचा दाब धडधाकट सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो. मग नवे सीलही पाझरणारच. जुने सील कडक होऊन झिजते, हेही खरे. म्हणूनच हाउसिंग स्वच्छ पुसून, ब्रीदर मोकळा करून, गाडी थोडी चालवावी आणि ओल पिनियनपाशी, जोडावर की ड्रेन प्लगला येते ते पाहावे. गळती किरकोळ आहे म्हणून पातळी न तपासता राहू नये. तेल घटले की गिअर आणि बेअरिंग खराब होतात. सील बदलावेच लागले, तर पिनियनचा नट खोलण्यापूर्वी त्याच्या जागेची खूण करावी. तो जास्त आवळला तर बेअरिंगवरचा ताण बिघडतो.