एक्स्पर्ट म्हणाले म्हणून?

नाणं दोनदा उडवलं, तर दोन्ही वेळा छापा पडण्याची शक्यता किती? अर्धा गुणिले अर्धा, म्हणजे चारात एक. गणितातला हा अगदी सोपा गुणाकार. पण तो भलत्या ठिकाणी केला आणि करणारा ‘एक्स्पर्ट’ असला तर? इंग्लंडमध्ये सॅली क्लार्कचं आयुष्य त्यात गेलं.

सॅली वकील होती. तिची दोन तान्ही मुलं, एक १९९६ मध्ये आणि दुसरं १९९८ मध्ये, घरातच अचानक दगावली. तिच्यावर खुनाचा खटला चालला. बालरोगतज्ज्ञ म्हणून नाव असलेले सर रॉय मेडो साक्षीला आले. अशा सुखवस्तू, सिगारेट न ओढणाऱ्या घरात बाळ अचानक दगावण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक. दोन्ही दगावण्याची ७ कोटी ३० लाखांत एक, असं त्यांनी सांगितलं. १९९९ मध्ये सॅलीला जन्मठेप झाली.

आता गडबड बघा. नाण्याला आधीचा छापा आठवत नाही. पण सख्ख्या भावांचं घर एक, आईवडील एक. मृत्यूचं कारण आनुवंशिक असेल, तर दुसऱ्या बाळाचा धोका वाढतो. मग सरळ गुणाकार चालेल कसा? शिवाय घटना दुर्मीळ आहे म्हणून गुन्हा सिद्ध होत नाही. लॉटरीही लाखोंत एकाला लागते, म्हणून तो चोर ठरतो का?

२००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने या आकड्यावर जाहीर आक्षेप घेतला. पुढे कळलं, की दुसऱ्या बाळाच्या तपासणीत जंतू सापडले होते आणि पॅथॉलॉजिस्टने ते बचाव पक्षाला कळवलंच नव्हतं. २००३ मध्ये सॅली सुटली. २००७ मध्ये ती गेली.

मग कोर्टाने तज्ज्ञांचं ऐकूच नये का? तसं कसं चालेल! डीएनए, विष, हस्ताक्षर हे सगळं न्यायाधीश स्वतः तपासू शकत नाहीत. आपल्याकडे पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ४५ होतं, जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ३९ आहे. त्यानुसार तज्ज्ञाचं मत विचारात घेता येतं, पण तो निकाल नव्हे. सर्वोच्च न्यायालयानेही १९९९ मध्ये, हिमाचलच्या सफरचंद बागायतदारांच्या खटल्यात, हेच स्पष्ट केलं. तज्ज्ञाने शास्त्रीय निकष आणि कारणं समोर ठेवायची. निष्कर्ष न्यायाधीशाने स्वतः काढायचा.

म्हणजे मान द्यायचा, पण तज्ज्ञाच्या विषयाच्या कुंपणापर्यंतच. मेडो डॉक्टर होते, संख्याशास्त्रज्ञ नव्हते. तुमच्यापैकी जे लॉ करतायत, त्यांनी उलटतपासणीसाठी तीन प्रश्न लिहूनच ठेवा: हा विषय तुमचाच आहे का? आकडा आला कुठून? आणि तुमच्या मताच्या विरुद्ध जाणारं काही सापडलं होतं का?

सॅलीच्या खटल्यात या तिन्ही प्रश्नांची खरी उत्तरं वेळेवर समोर यायला हवी होती.