दहा मिनिटांची मोकळीक

लघुपट म्हणजे कमी लांबीचा चित्रपट, ही व्याख्या सोयीची आहे, पण तिने फारसे काही सांगून होत नाही. ऑस्कर पुरस्कार देणारी अमेरिकेतील अकादमी श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतच्या चित्रपटाला लघुपट मानते. या मर्यादेत कथा, माहितीपट, ॲनिमेशन, जाहिरात असे सगळेच बसते. त्यातील दोन प्रकारांची नावे नेहमी जोडीने घेतली जातात: स्वतंत्र लघुपट आणि प्रायोगिक लघुपट. दोन्ही शब्दांचे अर्थ मात्र वेगळे आहेत. ‘स्वतंत्र’ या शब्दाचा संबंध पैशाशी आणि निर्णयाशी आहे. तिकीटविक्रीकडे डोळे लावून बसलेला निर्माता किंवा वितरक डोक्यावर नसेल, तर तो चित्रपट स्वतंत्र. ‘प्रायोगिक’ या शब्दाचा संबंध घडणीशी आहे. गोष्ट, पात्रे, संवाद यांचा नेहमीचा आधार सोडून चौकट, लय, ध्वनी आणि काळ यांच्याशीच जो चित्रपट खेळतो, तो प्रायोगिक. घरचे पैसे घालून केलेला लघुपट अगदी सरळ गोष्ट सांगू शकतो, आणि सरकारी खर्चाने केलेला लघुपट पुरता चक्रावून टाकू शकतो. भारतात हा दुसरा प्रकार खरोखरच घडला.

एकांकिका हे काही तीन अंकी नाटकाचे कापलेले रूप नसते, आणि कथा म्हणजे अर्धवट राहिलेली कादंबरी नसते. लघुपटाचेही तसेच आहे. दोन-अडीच तासांच्या चित्रपटाला प्रेक्षक बांधून ठेवावा लागतो, त्यासाठी कथानकाचा दोर लागतो. दहा मिनिटे मात्र एका कल्पनेवर, एका हालचालीवर किंवा नुसत्या रंगांवरही निभावतात. खर्च कमी असल्याने फसण्याची भीतीही कमी असते. प्रयोगांना लघुपटच मानवतो, त्यामागे हे साधे गणित आहे.

आरंभी सगळेच लघुपट

सिनेमाचा जन्मच लघुपटातून झाला. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची जी हलती चित्रे दाखवली गेली, त्यांतील एकेक चित्र जेमतेम मिनिटभराचे होते. कॅमेऱ्यात फीतच तेवढी मावत असे. पुढे रिळे जोडण्याची सोय झाली, कथा लांबल्या आणि पूर्ण लांबीचा चित्रपट हाच ‘खरा’ सिनेमा ठरला.

पूर्ण लांबीच्या भारतीय कथापटाची सुरुवातही एका छोट्या प्रयोगातूनच झाली. ‘राजा हरिश्चंद्र’ करण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी १९१२च्या सुमारास ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला. कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ त्यांनी दिवसांमागून दिवस थोडी थोडी चित्रित केली. पडद्यावर ते रोप काही क्षणांत उगवून वर आले. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटवणे हा फाळक्यांचा हेतू होता. पण डोळ्यांना कधीच न दिसणारा काळ पडद्यावर दाखवता येतो, हेही त्या प्रयोगाने सिद्ध केले. प्रायोगिक सिनेमाचे पुढचे बरेचसे काम याच जाणिवेवर उभे आहे.

चित्रकार आणि कवींचा सिनेमा

युरोपात १९२०च्या दशकात चित्रकार, कवी आणि छायाचित्रकार सिनेमाकडे वळले. मॅन रे यांनी १९२३ मध्ये खिळे, टाचण्या यांसारख्या वस्तू थेट फिल्मवर ठेवून प्रकाश पाडला आणि कॅमेऱ्याशिवायच प्रतिमा उमटवल्या. १९२९ मध्ये लुईस बुन्युएल आणि साल्वादोर दाली यांनी ‘अँ शिएँ आंदालू’ हा मूकपट केला. त्याची दृश्ये स्वप्नासारखी एकापुढे एक येतात, त्यांचा कार्यकारणसंबंध लागत नाही आणि तो लागू नये अशीच करणाऱ्यांची इच्छा होती. यासाठी लागणारा पैसा बुन्युएल यांच्या आईने दिला होता. स्वतंत्र लघुपटाचा पहिला निर्माता बहुधा घरातलाच असतो, ही परंपरा तेव्हापासूनची आहे.

या धारेला वेग आला तो स्वस्त उपकरणांमुळे. कोडॅक कंपनीने १९२३ मध्ये १६ मिलिमीटर रुंदीची फिल्म बाजारात आणली. चित्रपटगृहांतील ३५ मिलिमीटर फिल्मपेक्षा ती स्वस्त होती आणि तिचा कॅमेरा एका माणसाला पेलत असे. चावी देऊन चालणारा स्विस बनावटीचा बोलेक्स कॅमेरा हौशी आणि प्रायोगिक मंडळींचा आवडता झाला. एकदा चावी दिली की तो सुमारे अर्धा मिनिट चाले. शंभर फुटांचे रीळ पावणेतीन मिनिटांत संपे. साहजिकच शॉट छोटे झाले आणि छोटे शॉट जोडून लय साधण्याकडे लक्ष गेले. यंत्राची मर्यादा अशी शैलीत उतरली.

माया डेरेन यांनी १९४३ मध्ये अशाच कॅमेऱ्यावर, पती अलेक्झांडर हामिद यांच्यासह, लॉस एंजेलिसमधील स्वतःच्या घरात ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ हा सुमारे १४ मिनिटांचा लघुपट केला. भूमिका त्या दोघांच्याच. किल्ली, सुरी, फूल, जिना या घरगुती वस्तू आणि जागा त्यात पुन्हा पुन्हा येतात आणि दर वेळी थोड्या बदलतात. दुपारच्या झोपेतील भीती त्या पुनरावृत्तीतून आकार घेते. मुळात हा लघुपट मूक होता, त्याला संगीताची जोड १९५९ मध्ये मिळाली. हॉलिवूडच्या शेजारी राहून, हॉलिवूडची कोणतीही सोय न वापरता सिनेमा करता येतो, हे या लघुपटाने पुढच्या पिढीला दाखवले.

या पुढच्या पिढीने वाटा आणखी दूर नेल्या. स्टॅन ब्रॅकेज यांनी १९६३च्या ‘मॉथलाइट’साठी पतंगांचे पंख आणि पाने-गवत पारदर्शक पट्ट्यांमध्ये चिकटवून त्यांचीच फिल्म बनवली. ख्रिस मार्कर यांचा ‘ला जेते’ हा १९६२चा २८ मिनिटांचा लघुपट जवळजवळ पूर्णपणे स्थिर छायाचित्रांनी बनला आहे. त्यात केवळ एकदा, झोपलेली स्त्री डोळे उघडते तेव्हा, चित्र हलते. इतक्या स्थिरतेनंतरची ती किंचित हालचाल थरारून सोडते. याच लघुपटावरून पुढे १९९५ मध्ये हॉलिवूडचा ‘ट्वेल्व्ह मंकीज’ हा मोठा चित्रपट निघाला.

सरकारी खात्यातील बंडखोरी

भारतातील प्रायोगिक लघुपटाची सर्वांत धीट पाने लिहिली गेली ती मुंबईत, केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या या विभागाचे काम होते वार्तापट आणि माहितीपट काढण्याचे. धरणे, पंचवार्षिक योजना, कुटुंबनियोजन, लोककला असे त्याचे विषय असत. हे अनुबोधपट मुख्य चित्रपटाआधी दाखवणे चित्रपटगृहांना परवान्याच्या अटीनुसार बंधनकारक होते. पुष्कळ प्रेक्षकांच्या लेखी तो वेळ खुर्ची शोधण्याचा असे.

१९६५ मध्ये युनेस्कोतील अनुभव गाठीशी असलेले जीन भावनगरी सल्लागार म्हणून या विभागात आले. तरुण दिग्दर्शकांना त्यांनी मोकळीक दिली. एस. एन. एस. शास्त्री यांनी ‘आय ॲम ट्वेंटी’ (१९६७) मध्ये स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या तरुण-तरुणींना बोलते केले. त्यातील कुणी देशाबद्दल आशेने बोलतो, कुणी कडवटपणे, आणि सरकारी अनुबोधपट ते दोन्ही सूर तसेच ठेवतो. सुखदेव यांच्या ‘इंडिया ६७’ मध्ये निवेदक नाही. दृश्ये शेजारी शेजारी ठेवूनच देशातील विसंगती दाखवली आहे. चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी राजस्थानात ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ केला. छत्री, कंदील, जोडा अशा वस्तू किल्ल्यांच्या आणि वाळूच्या पार्श्वभूमीवर मांडून केलेल्या या संवादरहित लघुपटाला १९६७ मध्ये बर्लिन महोत्सवात लघुपटांसाठीचे सुवर्ण अस्वल मिळाले.

या सर्वांत टोकाला गेले ते प्रमोद पती. मूळचे ओडिशाचे पती चेकोस्लोव्हाकियात ॲनिमेशन शिकून आले होते. त्यांच्या ‘एक्स्प्लोरर’ (१९६८) मध्ये नाचणारे तरुण, प्रयोगशाळा, पूजाअर्चा आणि यंत्रे अशा प्रतिमा इतक्या वेगाने आदळतात की एकीचा अर्थ लागेपर्यंत पुढच्या चार निघून जातात. विजय राघव राव यांच्या ध्वनिरचनेने तो वेग आणखी अंगावर येतो. ‘आबिद’ (१९७२) मध्ये पती यांनी पिक्सिलेशन हे तंत्र वापरले. पडद्यावरचा एक सेकंद २४ चित्रांचा, म्हणजे एक मिनिट १,४४० चित्रांचे. पिक्सिलेशनमध्ये जिवंत माणसालाच बाहुलीसारखे थोडे थोडे हलवून ही चित्रे सुटी सुटी टिपतात. त्यामुळे चित्रकार आबिद सुरती खोली रंगवताना त्यात माणसासारखे चालत नाहीत, उसळत आणि सरकत राहतात. कॅनडातील नॉर्मन मॅक्लॅरेन यांनी ‘नेबर्स’ (१९५२) या लघुपटात हेच तंत्र गाजवले होते.

सरकारी खात्यात एवढा मोकळेपणा कसा शक्य झाला, याचे उत्तर व्यवस्थेतच आहे. पगार ठरलेला, फिल्म आणि प्रयोगशाळा हाताशी, प्रदर्शनाची हमी कायद्याने दिलेली. तिकीट खपवण्याची काळजी दिग्दर्शकाला नव्हती. वरिष्ठ पाठीशी उभे राहिले की उरते ते फक्त कल्पनेचे धाडस. तिकीटबारीच्या सत्तेपासून हे दिग्दर्शक स्वतंत्र होते, वरिष्ठांच्या मर्जीपासून मात्र नव्हते. त्यामुळे वरची माणसे बदलली की मोकळीकही आकसत असे.

त्याच काळात मुंबईत खात्याबाहेरही एक प्रयोगस्थळ होते. चित्रकार अकबर पदमसी यांनी नेहरू फेलोशिपच्या पैशांतून १९६९च्या सुमारास ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केले. चित्रकार आणि चित्रपटकार तेथे एकत्र काम करीत. नलिनी मलानी यांनी तरुणपणी कॅमेऱ्याशी केलेले प्रयोग याच कार्यशाळेतील. पदमसींनी स्वतः ‘सिझिजी’ हा फक्त रेषा आणि बिंदूंचा मूक लघुपट केला. दुसरे चित्रकार तैयब मेहता यांचा ‘कूडल’ (१९७०) मात्र फिल्म्स डिव्हिजनसाठी झाला.

पुण्याची शाळा आणि मराठी लघुपट

१९६० मध्ये पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि लघुपटाला कायमचे घर मिळाले. अभ्यासक्रमाच्या शेवटी विद्यार्थ्याने करायची ‘डिप्लोमा फिल्म’ हा लघुपटच असतो. ऋत्विक घटक १९६०च्या दशकात येथे शिकवत होते. मणी कौल आणि कुमार शहानी हे त्यांचे विद्यार्थी. पुढे अमित दत्ता यांच्या ‘क्रमशः’सारख्या लघुपटाने आठवण, लोककथा आणि चित्रकला यांची सरमिसळ करणारी वेगळीच भाषा घडवली. पायल कपाडिया यांचा १३ मिनिटांचा ‘आफ्टरनून क्लाउड्स’ २०१७ मध्ये कान महोत्सवाच्या विद्यार्थी विभागात निवडला गेला. त्यात उषा नाईक यांनी एका वयस्क विधवेची भूमिका केली आहे. २०२४ मध्ये याच विभागात चिदानंद नाईक यांच्या कन्नड लघुपटाला पहिले पारितोषिक मिळाले.

मराठीत प्रयोगाचा भर रूपापेक्षा अनुभवावर अधिक राहिला. उमेश कुलकर्णी यांच्या ‘गिरणी’ने घरात आलेल्या पिठाच्या गिरणीची घरघर एका मुलाच्या कानांनी ऐकवली आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ अहमदनगरमधील पदव्युत्तर अभ्यासाचा भाग म्हणून झाला. शाळेची ओढ असलेल्या एका वंचित मुलाच्या या गोष्टीला पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ हे त्यांचे मोठे चित्रपट त्यानंतरचे. ‘सैराट’च्या अफाट यशानंतरही मंजुळे ‘पावसाचा निबंध’ या लघुपटाकडे परतले आणि दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. लघुपट ही केवळ मोठ्या चित्रपटाची पायरी नाही, याचा हा चांगला दाखला आहे.

दाखवायचे कुठे आणि जपायचे कसे

लघुपट करणे सोपे होत गेले, दाखवणे तितके नाही. न्यूयॉर्कमध्ये १९६२ मध्ये जोनास मेकास आणि सहकाऱ्यांनी ‘फिल्ममेकर्स कोऑपरेटिव्ह’ ही वितरणसंस्था काढली. तेथे निवड समिती नव्हती, कोणाचीही फिल्म ठेवून घेतली जाई. जर्मनीतील ओबरहाउझन महोत्सव १९५४ पासून लघुपटांना वाहिलेला आहे. मुंबईत १९९० पासून माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. प्रायोगिक चित्रपटांसाठीचा ‘एक्सपेरिमेंटा’ २००३ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर बंगळूरला गेला. डिजिटल कॅमेरा आणि यूट्यूब आल्यावर फिल्मचा खर्च आणि चित्रपटगृहाची गरज दोन्ही सरले. खिशातील फोनवर चित्रित केलेला लघुपट आता त्याच फोनवर पाहिला जातो. मात्र अंधारात मोठ्या पडद्यासाठी रचलेली लय तळहाताएवढ्या पडद्यावर पुष्कळदा हरवते.

जपणुकीचा प्रश्न त्याहून अवघड आहे. मोठ्या चित्रपटाच्या शेकडो प्रती निघत, प्रायोगिक लघुपटाची कधी कधी एकच. पदमसींचा ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ हा १९६९चा सुमारे सहा मिनिटांचा लघुपट असाच होता. त्याची एकुलती प्रत हरवली आणि लघुपटच नाहीसा झाला. सुमारे साडेचार दशकांनंतर आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींच्या आठवणींच्या आधारे तो पुन्हा रचण्याचा प्रयत्न केला आणि त्या शोधाचाच २०१६ मध्ये एक लघुपट झाला. मूळ सहा मिनिटे आता फक्त त्यातच, ऐकीव रूपात, शिल्लक आहेत.