सातारा व सांगली जिल्ह्यांतील हिवाळा

सातारा व सांगली हे दक्षिण महाराष्ट्रातील शेजारी जिल्हे असून दोन्हींची पश्चिम कड सह्याद्रीला टेकलेली आहे, तर पूर्व भाग पर्जन्यछायेच्या कोरड्या पठारात मोडतो. येथील हिवाळा साधारणपणे नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत असतो. डिसेंबर व जानेवारी हे त्यातील सर्वांत थंड महिने होत. महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते, असा लोकसमज सर्वत्र आढळतो आणि तो बव्हंशी अनुभवाला धरूनच आहे. उत्तर भारताच्या तुलनेत ही थंडी सौम्य वाटते. तथापि घरे, कपडे, पिके आणि जनावरे यांपैकी बहुतेकांची घडण उन्हाळा व पाऊस लक्षात घेऊन झालेली असल्याने किमान तापमान ८ ते १० अंश सेल्सिअसवर उतरले तरी तिचा त्रास जाणवतो. एकाच जिल्ह्यात कोयनेच्या खोऱ्यातील, कृष्णाकाठची आणि माणदेशातील थंडी वेगवेगळी असते व तिला तोंड देण्याच्या रीतीही त्यानुसार बदलतात.

थंडीची कारणे

हिवाळ्यात या भागातील आकाश बहुधा निरभ्र आणि हवा कोरडी असते. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करते. ढग व बाष्प ही त्या उष्णतेला अडवणारी पांघरुणे होत. ती नसल्यामुळे पहाटेपर्यंत जमीन व तिला लागून असलेली हवा झपाट्याने निवते. म्हणूनच दुपारी २८ ते ३० अंश आणि पहाटे १० ते १२ अंश असा मोठा फरक येथे पडतो. उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ पुढे सरकल्यानंतर तिकडील थंड, कोरडे वारे दक्षिणेकडे उतरतात, तेव्हा कडाका वाढतो. याउलट बंगालच्या उपसागरावरून पूर्वेचे दमट वारे येऊ लागले की आभाळ भरते आणि ऐन पौषातही रात्र उबदार होते. गावोगावी 'आभाळ आलं, थंडी पळाली' असे म्हटले जाते, त्याचे कारण हेच.

भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येनुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असेल आणि ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी उतरले असेल, तर थंडीची लाट मानली जाते. या कसोटीवर दोन्ही जिल्ह्यांत लाटेचे दिवस थोडेच भरतात. पण कसोटी हवेच्या तापमानाची आहे. ओल्या बांधावर उभा असलेला माणूस किंवा उघड्या माळावरची मेंढी यांना भोगावा लागणारा गारठा तिच्यात पूर्णपणे उमटत नाही.

महाबळेश्वरचे 'शून्य अंश'

समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वर हे या परिसरातील सर्वांत थंड ठिकाण असावे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात हिवाळ्यातील अनेक दिवशी तेथील वेधशाळेत नोंदलेले किमान तापमान सातारा किंवा पुणे या सखल शहरांपेक्षा जास्त असते. त्याच सुमारास वेण्णा तलाव व लिंगमळा परिसरात दवबिंदू गोठल्याची, गवतावर व मोटारींच्या टपांवर पांढरे हिमकण साचल्याची बातमी वर्तमानपत्रांत येते आणि तिच्यासोबत 'शून्य अंश' असा आकडाही असतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

थंड हवा जड असते. शांत, निरभ्र रात्री ती उंचावरून उताराने वाहत जाऊन खोलगट जागी पाण्यासारखी साठते आणि वरच्या भागात तुलनेने उबदार हवा राहते. यास तापमानाची विपरीतता म्हणतात. वेण्णा तलावाचा परिसर असा खोलगट आहे, तर पठाराच्या माथ्यावर हवा खेळती राहते. दुसरे असे की, वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, लाकडी झडपांच्या पेटीत ठेवलेला असतो. गवताचे पाते किंवा मोटारीचा पत्रा थेट आकाशाकडे उष्णता सोडत असल्याने त्या हवेपेक्षा कित्येक अंशांनी अधिक थंड होतो. त्यामुळे आसपासची हवा शून्याच्या वर असतानाही पात्यावरील दव गोठू शकते. 'महाबळेश्वर शून्यावर' हा मथळा म्हणूनच अपुरा ठरतो. शून्यावर गेलेले असते ते तलावाकाठचे गवत.

पर्यटकांना या हिमकणांचे अप्रूप असले तरी स्ट्रॉबेरीच्या मळ्यांना ते घातक ठरतात. भारतातील स्ट्रॉबेरीच्या उत्पादनाचा फार मोठा हिस्सा महाबळेश्वर-पाचगणी परिसरातून येतो आणि महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. थंड रात्री व उबदार दिवस या पिकाला मानवतात. मात्र हिम पडल्यास फुले काळी पडतात आणि पाने करपतात. गादीवाफ्यांवर अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद मातीतील ऊब काही प्रमाणात राखतो. पहाटे पाणी देणे आणि मळ्याच्या कडेने धूर करणे हे जुने उपाय आजही केले जातात. एकाच गावात उंचावरचा मळा वाचतो आणि ओढ्याकाठचा करपतो, यामागेही थंड हवेचे साठणेच आहे.

घरे आणि पांघरुणे

पश्चिमेकडील जावळी, पाटण व शिराळा तालुक्यांच्या डोंगरी भागात घरे मुळात मुसळधार पावसासाठी बांधलेली असतात. उतरती कौले, लहान खिडक्या, घराला लागूनच गोठा आणि माळ्यावर रचलेले सरपण ही रचना थंडीतही उपयोगी पडते. पूर्वेकडील माण, आटपाडी व जत भागांतील जुनी घरे माळवदाची, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेल्या सपाट छपराची असत. मातीचे हे छत दिवसभर उष्णता शोषून रात्री ती सावकाश सोडते. गेल्या काही दशकांत माळवदाची जागा पत्र्याने घेतली. पत्रा स्वस्त, हलका व न गळणारा असला तरी तो उन्हात लवकर तापतो आणि रात्री तितक्याच लवकर निवतो. पहाटे त्याच्या आतल्या बाजूने पाणी सुटून अंथरुणावर थेंब पडतात. थंडीच्या दृष्टीने पाहता हा बदल सुधारणा म्हणता येणार नाही.

पांघरुणांत जुन्या लुगडी-धोतरांचे थर शिवून केलेली वाकळ आणि मेंढीच्या लोकरीचे घोंगडे ही दोन प्रमुख होत. घोंगडे दख्खनी मेंढीच्या जाड, राठ लोकरीपासून सणगर समाजातील कारागीर विणतात. ताण्याच्या सुताला चिंचोक्याची खळ देण्याची पद्धत असल्याने नवे घोंगडे ताठ व टोचरे असते आणि वापराने मऊ होत जाते. ते थोड्या पावसाने भिजत नाही व दव अंगापर्यंत पोहोचू देत नाही. त्याचा उपयोग पांघरूण, बैठक, खोळ आणि उघड्यावरील अंथरूण असा चौफेर होतो. गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटांमुळे घोंगड्याची मागणी घटली. परिणामी लोकरीला भाव राहिला नाही आणि अनेक मेंढपाळांना कातरणीचा खर्चही निघेनासा झाला.

आहार

हिवाळ्यात ज्वारीबरोबर बाजरीची भाकरी ताटात येते. बाजरी, तीळ, गूळ, शेंगदाणे, लसूण व डिंकाचे लाडू हे पदार्थ 'उष्ण' मानले जातात. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हरभरा, वाल, गाजर, वांगे इत्यादींची मिश्र भाजी करतात. या भाजीत नव्या हंगामात शेतातून निघणारे जवळजवळ सर्व काही येते. पूर्व भागात शाळवाची, म्हणजे रब्बी ज्वारीची, कणसे दुधाळ असताना शेतातच आगटी पेटवून हुरडा भाजला जातो. दिवस मावळताना पेटणारी ही आगटी पाहुण्यांसाठी मेजवानी असते. राखणीला थांबणाऱ्यासाठी ती रात्रीची शेकोटीही होते.

पिके

शाळू, गहू व हरभरा ही थंडीची पिके. शाळवाला बहुधा वरचे पाणी नसते. तो परतीच्या पावसाची जमिनीत मुरलेली ओल आणि थंड हवेमुळे कमी झालेले बाष्पीभवन यांवर वाढतो. या काळात उबदार, ढगाळ हवामान लांबल्यास त्यावर मावा पडून ताटे चिकट होतात. त्यामुळे कोरडवाहू शेतकरी थंडीची वाट पाहतो.

द्राक्ष बागायतदाराची स्थिती नेमकी उलट असते. तासगाव, मिरज, पलूस, खानापूर, कवठे महांकाळ व जत या तालुक्यांत द्राक्षबागा मोठ्या प्रमाणावर आहेत. 'तास-ए-गणेश' हे प्रसिद्ध वाण तासगाव तालुक्यातील बोरगाव येथील वसंतराव आर्वे यांनी निवडीतून पुढे आणले. फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास होत असल्याने डिसेंबर-जानेवारीत घड नाजूक अवस्थेत असतात. पारा १० अंशांच्या खाली गेल्यास मुळांचे काम मंदावते आणि मणी फुगत नाहीत. मण्यात पाणी उतरण्याच्या वेळी रात्री कडक थंडी व दिवसा ऊन असा फरक वाढला, तर हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते. 'पिंक बेरी' नावाने ओळखली जाणारी ही विकृती खाण्यास अपायकारक नसली तरी अशा मालाला निर्यातीत स्थान मिळत नाही. त्यावर उपाय म्हणून घड वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळले जातात. एकरी हजारो घड असल्याने हे काम मजुरीच्या दृष्टीने महाग पडते. पहाटे ठिबकने पाणी देणे, बोदावर पाचटाचे आच्छादन करणे आणि बागेत जागोजागी धूर करणे हेही केले जाते. धुराचा पडदा जमिनीची उष्णता काही अंशी धरून ठेवतो. वारा असल्यास मात्र तो निरुपयोगी असतो.

थंडी ओसरून ढग आले तरी बागायतदाराची सुटका होत नाही. ढगाळ हवेत भुरी आणि पानाघडांवर साचणाऱ्या दवामुळे डाऊनी हे बुरशीजन्य रोग बळावतात. काही शेतकरी पहाटे फवारणीच्या ब्लोअरने औषधाविना नुसता वारा मारून दव उडवतात. छाटणीची तारीख ठरवतानाच थंडीचा अंदाज बांधावा लागतो आणि तो चुकला तर वर्षाचे पीक हातचे जाते.

उसाला थंडी लाभते. गार रात्री वाढ थांबून कांड्यांत साखर साठते. त्यामुळे कारखान्यांचा साखर उतारा हंगामाच्या सुरुवातीपेक्षा जानेवारी-फेब्रुवारीत अधिक असतो. मात्र ज्या थंडीने उतारा वाढतो, तिच्यातच तोडणी मजुरांना उघड्यावर काम करावे लागते.

उघड्यावर राहणारे

बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून, तसेच सांगलीच्याच जत व साताऱ्याच्या माण भागांतून ऊसतोड मजूर दिवाळीच्या आगेमागे कृष्णाकाठच्या गावांत येतात. नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. बांबूच्या कामट्या, पाचट व प्लॅस्टिकचा कागद यांची कमरेएवढ्या दाराची कोपी हे त्यांचे चार-पाच महिन्यांचे घर असते. कोप्या बहुधा कारखान्याजवळच्या रिकाम्या रानात किंवा पाणथळ जमिनीलगत उभ्या राहतात, म्हणजे थंड हवा जेथे साठते तेथेच. तोडणी पहाटे अंधारात सुरू होते. त्या वेळी उसाची पाने दवाने निथळत असतात. अर्ध्या तासात कपडे ओले होतात आणि ते अंगावरच वाळतात. लहान मुले फडाच्या कडेला पाचटाच्या शेकोटीजवळ ठेवली जातात. पाचट भडकन पेटते व लगेच विझते, त्यामुळे ऊब थोडा वेळ मिळते आणि भाजण्याचा धोका मात्र कायम राहतो.

माण, खटाव, आटपाडी व जत भागांतील मेंढपाळ चाऱ्यासाठी कळप घेऊन भटकतात. शेतकऱ्याच्या रिकाम्या रानात रात्री मेंढ्या बसवून खत द्यायचे व मोबदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, अशी ही जुनी व्यवस्था आहे. मेंढ्यांभोवती वाघर, म्हणजे दोरीचे जाळे, लावतात आणि माणसे बाहेर घोंगड्यात निजतात. कोरडी थंडी मेंढीला सोसते, कारण एकमेकींना चिकटून बसलेला कळप आपली ऊब राखतो. त्यांना मारक ठरतो तो थंडीतला पाऊस. भिजलेली लोकर ऊब धरत नाही, वाऱ्याने ती आणखी गार होते आणि नुकतीच कातरलेली मेंढी व कोवळी कोकरे प्रथम दगावतात. १ व २ डिसेंबर २०२१ रोजी झालेल्या अवकाळी पावसात शेजारच्या पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात शेकडो मेंढ्या एका रात्रीत गारठून मेल्या. त्या रात्री तापमानाचा आकडा विशेष खाली गेला नव्हता. अशा प्रसंगी कळप तातडीने समाजमंदिर, शाळेचा व्हरांडा किंवा रिकामे पोल्ट्रीचे शेड अशा आडोशाला नेणे हाच परिणामकारक उपाय असतो. वाटेवरच्या अनोळखी गावात तो मिळेल की नाही, हे गावकऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असते.

आरोग्य आणि धुके

थंडीत दमा, संधिवात व हृदयविकार असलेल्या वृद्धांचा त्रास वाढतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणे विशेष धोक्याचे आहे. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला वास नसल्याने झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. उघड्यावरच्या शेकोटीत हा धोका नसतो. अंघोळीचे पाणी तापवण्यासाठी पूर्वी घरोघरी असणारा तांब्याचा बंब अंगणात किंवा न्हाणीच्या दाराशी ठेवला जाई, तो काही अंशी यामुळेच.

कृष्णा व वारणा नद्यांच्या काठी पहाटे दाट धुके पडते. वाई, कराड, इस्लामपूर, सांगली या पट्ट्यात ते सूर्योदयानंतरही तास-दोन तास रेंगाळते. हाच गाळपाचा हंगाम असल्याने रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात. पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो आणि बाहेर आलेल्या उसामुळे असलेला दिवाही झाकला जातो. कारखाने व पोलीस खाते दर हंगामात अशा वाहनांना परावर्तक पट्ट्या लावण्याची मोहीम घेतात. बैलगाडीच्या मागे लाल कापड किंवा चकाकणारा कागद बांधण्याची पद्धतही त्यातूनच रूढ झाली आहे.