कासवाच्या पाठीची बांगडी

कॅरिबियन बेटांवर आणि आग्नेय आशियातल्या पर्यटनस्थळी विकायला असलेल्या पिवळ्या-तपकिरी छटांच्या बांगड्या, कंगवे आणि कर्णफुले पुष्कळदा खऱ्या कासवाच्या पाठीपासून बनवलेली असतात. हे कासव म्हणजे हॉक्सबिल. ससाण्यासारख्या बाकदार चोचीवरून त्याला हे नाव मिळाले. उष्ण समुद्रांतल्या प्रवाळांभोवती ते राहते आणि मुख्यतः स्पंज खाते. स्पंज माजले की प्रवाळाला जागा उरत नाही, म्हणून त्याचा हा आहार प्रवाळाच्या पथ्यावर पडतो. भारतात ते अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपला आढळते.

त्याच्या पाठीवर कौलांसारखे एकावर एक चढलेले तेरा जाड खवले असतात. माणसाची नखे ज्या केराटिनची, त्याचेच हे खवले. उष्णता दिली की ते मऊ होतात, हवे तसे वळतात, दाबून एकमेकांना सांधताही येतात. प्लास्टिकपूर्व काळात असे पदार्थ थोडेच होते. १८४४ ते १९९२ या काळात सुमारे ९० लाख हॉक्सबिल व्यापारासाठी मारली गेली, असा अंदाज २०१९ मधल्या एका अभ्यासाने मांडला आहे.

वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या 'साइट्स' करारानुसार १९७७ पासून या कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे. जपानने सवलत राखून ठेवली होती. तिथली आयात १९९२ अखेर थांबली. घाऊक गिऱ्हाईक गेले, उरले ते किरकोळ, म्हणजे पर्यटक. कासव तर आधीच मेलेले, मग एक बांगडी घेतल्याने काय बिघडते, असे त्याला वाटते. पण विकलेल्या बांगडीची जागा दुकानदार नव्या मालाने भरतो, आणि जाड खवल्यांसाठी मोठीच कासवे मारली जातात. वयात यायला त्यांना साधारण वीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. मादी दोन-तीन वर्षांआड अंडी घालते आणि हजार पिल्लांतले जेमतेम एखादे मोठे होते. अशा हिशेबात किरकोळ विक्रीही किरकोळ राहत नाही.

नकली माल हुबेहूब असतो. खऱ्या खवल्यातले रंगाचे डाग अनियमित आणि कडांना विरलेले, तर प्लास्टिकचे बहुधा एकसारखे. तरी नवख्याला फरक कळणे कठीण, तेव्हा न घेणेच बरे. भारतात हे कासव वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये असल्याने त्याच्या वस्तूंच्या व्यापाराला तीन ते सात वर्षांची कैद आहे.

डोमिनिकन प्रजासत्ताकात एकेकाळी अशा हजारो वस्तू पर्यटकांच्या दुकानांत उघड्यावर मांडलेल्या असत. २००८ च्या अखेरीस सरकारने दुकानांवर जप्तीची मोहीम सुरू केली. पुढच्याच वर्षीच्या पाहणीत तो माल दुकानांतून जवळजवळ नाहीसा झालेला आढळला.